बारा महिने राहायला किनाऱ्यावरचं कुठलं शहर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या रविवारच्या पुरवणीत किनाऱ्यावरच्या घरांबद्दल पानभर मजकूर आला होता, सी फेसिंग बंगले, वीकेंड होम, गुंतवणूक म्हणून कोकण वगैरे, तो वाचल्यापासून हे पत्र डोक्यात होतं. त्यातला सगळा विचार सुट्टीपुरतं येणाऱ्या माणसांचा होता, आणि त्यांच्यासाठी तो ठीकच आहे. पण हल्ली आमच्यासारखीही बरीच घरं आहेत जी ठाणे-डोंबिवली-पुणे सोडून कायमची, म्हणजे रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला सगळं घेऊन समुद्राकाठच्या गावात राहायला जायचं बघतायत, आणि त्यांना लागते ती माहिती कुठेच एका जागी मिळत नाही. आम्ही हे सगळं करून आता रत्नागिरीत राहतोय, त्यामुळे जे शोधलं, विचारलं, पाहिलं ते लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं घर म्हणजे मी, हे, सातवीतली लेक आणि सासूबाई. ह्यांचं ऑफिस घरून काम करू देतं, मधूनमधून मुंबईला जावं लागतं. मी जीएसटी आणि अकाउंट्सची कामं घरूनच करते. सासूबाईंची अँजिओप्लास्टी झालेली आहे, गुडघे दुखतात, आणि वाचायला पुस्तक नसेल तर त्यांचा दिवस जात नाही. हे सगळं सांगायचं कारण असं की शहर निवडताना आम्ही समुद्र कागदावर सगळ्यात शेवटी लिहिला. समुद्र काय, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातसुद्धा सगळीकडे आहेच की, तो असणार हे धरूनच बाकीचं बघायचं. सगळ्यात वर लिहिलं ते रात्री दोन वाजता आईंच्या छातीत दुखलं तर काय.

हा प्रश्न विचारला की अर्धी यादी आपोआप गळते. मालवण आम्हा सगळ्यांचं लाडकं, मी तर तिथे आनंदाने राहिले असते, पण गंभीर पेशंट असला की सिंधुदुर्गातली माणसं आजही गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला नाहीतर कोल्हापूरला नेतात हे तिथल्याच लोकांनी आम्हाला सांगितलं. सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेज आलंय, अलिबागला आलंय, रत्नागिरीतही २०२३ ला सुरू झालं आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलं गेलं, ही खरंच मोठी गोष्ट आहे, दहा वर्षांपूर्वी कोणी विचार केला नसता. पण कॉलेज सुरू होणं वेगळं आणि हार्टचा, मेंदूचा स्पेशालिस्ट रात्री हजर असणं वेगळं. म्हणून घर बघायच्या आधी आम्ही डॉक्टर बघितले. म्हणजे गावातले फिजिशियन कोण, कार्डिओलॉजिस्ट रोज असतात की आठवड्यातून एखाद्या दिवशी बाहेरून येतात, अँब्युलन्स ऑक्सिजनसकट आहे का, आणि पुढे न्यायचं झालं तर कुठे आणि किती तासांत. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. दुसरीकडे चिपळूणच्या अलीकडे सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल, तिथेही मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे एक घाटावरचा रस्ता आणि एक महामार्गावरचा, असे दोन पर्याय. एकच रस्ता असलेलं गाव आणि दोन रस्ते असलेलं गाव ह्यात किती फरक पडतो तो पावसाळ्यात घाटात दरड आली की समजतो. मी तर म्हणेन की ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांनी फ्लॅटचं टोकन द्यायच्या आधी एखाद्या लोकल डॉक्टरकडे साध्या बीपीच्या तपासणीला जाऊन यावं आणि तिथेच बसून हे सगळं विचारून घ्यावं, डॉक्टर मोकळेपणाने सांगतात.

दुसरं, लेकीचं शिक्षण. ह्यावर आमच्या घरात खूप चर्चा झाली, कारण ह्यांचे ऑफिसमधले एक मित्र मंगळूरचे, ते सारखे म्हणायचे मंगळूरला या, हॉस्पिटलं बघा, कॉलेजं बघा. आणि खरंच आहे ते, आरोग्याच्या बाबतीत मंगळूर आपल्या अख्ख्या कोकण किनाऱ्याच्या कितीतरी पुढे आहे. पण कर्नाटकात शाळेत कन्नड घ्यावीच लागते, आणि सातवीतल्या मुलीला एकदम नवी लिपी, नवी भाषा, आणि आईंना शेजारी कोणाशी बोलता येणार नाही, हे काही आम्हाला पटलं नाही. मग पणजी. गोवा तर सगळ्यांच्याच मनात असतो. मराठी चालतं, वाचनालयं आहेत, नाटकं आहेत, बांबोळीचं मेडिकल कॉलेज शेजारी, दोन दोन विमानतळ. भाडी मात्र ऐकून गप्प बसायला होतं. पण आमच्यासाठी अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि हे बऱ्याच आईवडिलांच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. महाराष्ट्रात मेडिकलला राज्याच्या कोट्यातून जागा हवी असेल तर साधारणपणे मुलाची दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय डोमिसाइल. सरकारी नोकरीतल्या बदल्यांच्या लोकांना काही सवलती आहेत, आमच्यासारख्यांना नाहीत. म्हणजे आठवी-नववीत मूल घेऊन तुम्ही राज्याची हद्द ओलांडली की इथला हक्क जायची भीती, आणि नव्या राज्यात तिथले म्हणून धरले जायला वास्तव्याच्या वर्षांची अट. मूल दोन्हीकडून लटकतं. पाचवीच्या आतलं असेल किंवा बारावी झालेलं असेल तर प्रश्न नाही, जरूर जा गोव्याला. मधल्या वयाचं असेल तर आधी हे नियम बघा, मग समुद्र.

रत्नागिरीत शाळांची काळजी नव्हती. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं वेगळं कोकण बोर्ड २०१२ पासून आहे आणि दरवर्षी निकालात राज्यात पहिलं येतं, हे आपणच छापता. फाटक हायस्कूल, पटवर्धन हायस्कूल ह्या जुन्या शाळा, गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ चं, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र, पॉलिटेक्निक, शिरगावला मत्स्य महाविद्यालय. पण खरं सांगायचं तर नीट-जेईईच्या क्लाससाठी इथली बरीच मुलं अकरावीला कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठतात, ते चित्र अजून बदललेलं नाही. ते धरूनच हिशोब करायला हवा, की आपल्याला इथे दहावीपर्यंतचे निवांत दिवस मिळतायत.

आता पाणी. ह्याबद्दल घाटावरच्या आणि मुंबईच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात पडतो त्याच्या कितीतरी पट, आणि त्याच जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. कारण जमीनच तशी आहे, जांभ्याचा सडा म्हणजे दगडी पठार, वर माती बोटभर, उतार सरळ समुद्राकडे, पडलेलं पाणी थांबतच नाही. शहराला मुख्यतः शीळ धरणातून पाणी येतं आणि उन्हाळा लांबला की पुरवठ्याचे दिवस कमी होतात. त्यामुळे घर बघायला जायचं ते मे महिन्यात जायचं. डिसेंबरमध्ये सगळ्या विहिरी भरलेल्या, सगळी झाडं हिरवी, एजंट तेव्हाच नेतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन शेजारच्या बायकांना विचारा नळ किती वेळ येतो, विहिरीला पाणी किती उरलंय, बोअर खारट आहे का. खाडीच्या काठावर आणि किनाऱ्याला लागून असलेल्या भागात बोअर खारं लागू शकतं, आंघोळीला साबणाचा फेस येत नाही, गिझर आणि वॉशिंग मशीन लवकर जातं. पुरुष माणसं पार्किंग आणि व्ह्यू विचारतात, पाणी बायकांनीच विचारायचं असतं असा माझा अनुभव आहे.

आणि दुसऱ्यांदा जायचं ते जुलैमध्ये. भाड्याने महिनाभर खोली घेऊन राहता आलं तर उत्तमच, आम्ही तसंच केलं. इथला पाऊस मुंबईच्या पावसासारखा येऊन जाणारा नाही, तो मुक्कामाला येतो. पश्चिमेची झड भिंतीवर आपटत राहते, भिंत आतून ओली होते, कपाटातल्या साड्यांना, चामड्याच्या चपलांना, पुस्तकांना बुरशी. लाइट जाते आणि कधी कधी लवकर येत नाही, म्हणून घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टर मोठा घ्यावा आणि नेट दोन वेगळ्या कंपन्यांचं ठेवावं. खाऱ्या हवेने एसीचं बाहेरचं युनिट, खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, कुलपं सगळं गंजतं, सायकलची चेन तर बघायला नको. बिल्डर म्हणतो सी ब्रीझ, आणि उन्हाळ्यात ती गोडच लागते, पण अगदी पाण्यासमोरच्या घराचा देखभालीचा खर्च आणि दोन किलोमीटर आत टेकडीवरच्या घराचा खर्च ह्यात फरक आहे. आम्ही आतलं घर घेतलं. गच्चीवरून समुद्राची एक पट्टी दिसते, तेवढी पुरते, आणि मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी चालत नाही तर रिक्षाने जाता येतं.

वादळांचंही बोलायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, मंडणगड, दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा उभ्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याच दिवशी इथे मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार नावाचं जहाज येऊन आदळलं आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच रुतून होतं, लोक ते बघायला जायचे. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. आणि त्याच साली २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, वाशिष्ठी नदीचं पाणी दुमजली घरांत शिरलं, समुद्र तिथून लांब असूनसुद्धा. म्हणजे किनाऱ्यावरचं शहर निवडताना नुसता समुद्र बघून चालत नाही, मागची नदी, खाडी आणि भरतीची वेळ पण बघावी लागते, कारण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की नदीचं पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही. मिऱ्याला तर समुद्र किनारा खातोय म्हणून धूपप्रतिबंधक बंधारा घालावा लागलाय. तिथल्या रहिवाशांना विचारा, भरतीच्या रात्री लाटेचं पाणी कुठपर्यंत येतं ते घर दाखवून सांगतील.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण हा विषय वकिलाचा आहे. कोकणातला सातबारा बघितलात तर एकेका तुकड्यावर वीस-पंचवीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काही परदेशात, काही वारलेली आणि वारस न लागलेली. शेतजमीन शेतकरी नसाल तर घेताच येत नाही. बिनशेतीचा आदेश स्वतः डोळ्याने बघा, फ्लॅट असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर टाकून बघा. आणि सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, विचारा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियम लागतात, आणि ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी पहिल्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आहे. जाहिरातीत अगदी लाटांच्या शेजारी बंगला दाखवला असेल तर त्याची परवानगी कधीची आणि कोणाची हे विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. शक्य असेल तर पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, गाव आपल्याला आणि आपण गावाला समजायला तेवढा वेळ लागतोच.

अलिबागचा आम्ही मनापासून विचार केला होता, मुंबईच्या जवळ, आता अटल सेतू झालाय, मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट येते. पण गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद, रेल्वे अजून अलिबागला नाही, वडखळची शनिवार-रविवारची कोंडी, आणि जागांचे भाव मुंबईच्या श्रीमंत माणसाकडे बघून ठरतात. तिथल्याच शिक्षक, नर्स, दुकानदार लोकांना घर घेणं परवडत नाही अशी परिस्थिती होत चाललीय आणि मला तरी ते फार दुखतं.

रेल्वेचं म्हणाल तर रत्नागिरीचं ते सगळ्यात मोठं बळ. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि ह्या गावाचं आयुष्य बदललं असं इथले जुने लोक सांगतात. वंदे भारत, तेजस, जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या सगळ्या थांबतात. ह्यांना सकाळी निघून दुपारी मुंबईत मीटिंग करता येते. पावसाळ्यात गाड्यांचं वेगळं वेळापत्रक असतं, वेग कमी, ते धरून चालावं. गणपती आणि शिमग्याला मात्र तिकीट विसरा, तेव्हा आपण जायचं नसतं, तेव्हा लोक आपल्याकडे येतात. आणि एक मनात आहे ते लिहिते, रत्नागिरी-दादर पॅसेंजर पूर्वी थेट दादरला जायची, कोविडनंतर ती ठाण्याच्या पुढच्या दिवा स्टेशनलाच थांबायला लागली. वंदे भारतचं तिकीट न परवडणाऱ्या माणसाची ती गाडी होती, म्हातारी माणसं बोचकी घेऊन दिव्याला उतरून लोकल पकडतात हे बघवत नाही. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल काय लिहू, २०११ पासून चौपदरीकरण चालू आहे, आपल्या पेपरात दरवर्षी नवी तारीख येते. कितीक घरातली माणसं ह्या रस्त्यावर गेली. शहर निवडणाऱ्यांनी मुंबईहून गाडीने पाच तास असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

एवढं सगळं अवघड लिहिलं तरी रत्नागिरीच का, असं विचारतील लोक. कारण हे गाव पर्यटकांवर उभं नाही, जिल्ह्याचं ठिकाण आहे. कोर्ट, कलेक्टर ऑफिस, कॉलेजं, मिरकरवाड्याचं बंदर, मिरजोळ्याची एमआयडीसी, त्यामुळे ऑगस्टमध्येसुद्धा बाजार उघडा, डॉक्टर जागेवर, केमिस्ट रात्रीपर्यंत. काही सुंदर सुंदर किनारी गावं अशी आहेत की जूनमध्ये निम्मी हॉटेलं बंद होतात आणि गावात फक्त म्हातारी माणसं उरतात, तिथे महिना छान जातो, वर्ष काढणं कठीण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा इथेही बंदर शांत असतं, पण गाव थांबत नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी सुरू होते, सुकी मासळी, कोकमं, पापड, शेजारच्या काकू मला यादी देऊन गेल्या की पावसाच्या आधी काय काय भरून ठेवायचं, आणि ती यादी अगदी बरोबर निघाली.

आणि आईंसाठी वाचनालय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी. आईंना डोंबिवलीत लिफ्ट, रस्ता, रिक्षाची लाइन ह्या भीतीने घराबाहेर पडणं बंद झालं होतं, इथे त्या रिक्षाने जाऊन स्वतः पुस्तक बदलून आणतात, तिथे त्यांच्या वयाच्या दोघी मैत्रिणी झाल्यात. थिबा पॅलेसच्या आवारात थंडीत संगीत महोत्सव होतो, सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं होतात, लोक आवर्जून येतात. माझी लेक आता भाट्याच्या पुळणीवर जाऊन कुठला शिंपला कशाचा हे मला सांगते. घराचा महिन्याचा खर्च कमी झाला आहे, मासे स्वस्त मिळतात हा गैरसमज मात्र काढून टाका, चांगला पापलेट मुंबईलाच जातो आणि इथे त्याच भावात मिळतो. बांगडा, मांदेली, तिसऱ्या खा.

गावात बाहेरून येणाऱ्यांनी एक पाळावं असं मला कळकळीने वाटतं. आपण येतो तेव्हा भाडी वाढतात, पाण्याला तोंडं वाढतात, पाखाडीवरून, म्हणजे पायवाटेवरून, गाड्या नेण्यासाठी गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, पाडले जातात. आपण इथे शांतता विकत घ्यायला आलेलो नाही, राहायला आलोय, तर सांडपाण्याचा खड्डा नीट करा, छपराचं पाणी विहिरीत नाहीतर जमिनीत मुरवा, मुलांना शक्यतो गावातल्या शाळेत घाला, वॉर्डातल्या बैठकीला जा, आणि मतदार यादीत नाव इथे आणा. सातपैकी पाच दिवस कुलूप असलेल्या घरांनी गाव जगत नाही.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती आहे. आपले तालुक्या-तालुक्यात वार्ताहर आहेत, ही माहिती आपल्याशिवाय दुसरं कोणी गोळा करू शकत नाही. डहाणू, पालघर, अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले ह्या प्रत्येक ठिकाणी सरकारी रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांची पदं किती मंजूर आणि किती भरलेली, डायलिसिसची आणि रक्तपेढीची सोय कुठे, टँकर कुठल्या महिन्यात सुरू झाला, वादळात वीज किती दिवस गेली, हा तक्ता वर्षातून दोनदा तरी छापा, एकदा मे अखेर आणि एकदा पावसाळा संपल्यावर. राहायला येणाऱ्यांना त्यावरून गाव निवडता येईल, आणि त्याहून जास्त म्हणजे जी माणसं पिढ्यानपिढ्या इथेच राहतायत, ज्यांना निवडायचा प्रश्नच नाही, त्यांच्या हातात रिकाम्या पदांचा हिशोब मागायला छापील कागद येईल. पुरवणीत जागा नसेल तर बंगल्यांच्या जाहिरातीच्या शेजारी छापा, तिथेच तो सगळ्यात जास्त वाचला जाईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
रत्नागिरी